आधी दवाखाना, मग कर्ज: अमेरिकेत डॉक्टर-नर्सनी शैक्षणिक कर्ज सेवेच्या बदल्यात कसं फेडून घ्यावं

अमेरिकेत कर्ज काढून डॉक्टर झालेल्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर पदवी हातात पडते त्या दिवशी २ लाख डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त बोजा असतो. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२४ साली अंदाज बांधला, की २०३६ पर्यंत देशाला ८६,००० पर्यंत डॉक्टर कमी पडू शकतील. कर्ज बुडवणं शक्य नसतं आणि पगार मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळांत असतो. त्यामुळे जिथे डॉक्टर सर्वांत जास्त हवेत तिथे जायला कोणी तयार होत नाही. ही गाठ सोडवायला तिथल्या सरकारने एक सौदा पुढे ठेवला आहे: टंचाईच्या ठिकाणी दोन-तीन वर्षं काम करा, तुमचं कर्ज आम्ही फेडतो.

आपल्याकडे सरकारी कॉलेजातून डॉक्टर झालेल्यांना ‘बाँड’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतला हा प्रकार बाँडच्या उलट्या दिशेने चालतो. शिकताना सही घेत नाहीत. शिक्षण झाल्यावर, नोकरी धरल्यावर, तुम्ही स्वतः अर्ज करता. मात्र एकदा सही केली की हा बाँड आपल्या बाँडपेक्षा कितीतरी कडक आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

या योजनांची माहिती शोधताना लोक पहिला प्रश्न ‘किती मिळतात?’ असा विचारतात. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. कर्ज कोणत्या प्रकारचं आहे आणि काम कोणत्या दवाखान्यात आहे, ही दोन उत्तरं पक्की झाली की रक्कम जवळपास आपोआप ठरते.

पहिली पायरी: कर्जाची जात ओळखा

एका कागदावर प्रत्येक कर्ज वेगळं लिहा: कोणी दिलं, कधी दिलं, मूळ रक्कम, आजची बाकी, व्याजदर. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्जांची संपूर्ण यादी स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या खात्यात मिळते आणि ती फाइल उतरवूनही घेता येते. बँकेच्या किंवा खासगी कंपनीच्या कर्जासाठी मूळ करारपत्र, म्हणजे प्रॉमिसरी नोट, शोधून ठेवा. अर्जाच्या वेळी नेमका हाच कागद सापडत नाही.

मग यादीचे तीन भाग करा: फेडरल, खासगी आणि चालत नाहीत अशी.

तिसऱ्या भागात मराठी घरांचं हमखास नुकसान होतं. काकांनी, मामांनी किंवा सासऱ्यांनी दिलेले पैसे या योजनांमध्ये कर्ज म्हणून धरत नाहीत, व्याज लावून लिहून घेतले असले तरीही. आईवडिलांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं पेरेंट प्लस कर्ज तुमच्या नावाने फेडून मिळत नाही. क्रेडिट कार्डावर भरलेली फी जमेला येत नाही, आणि शैक्षणिक कर्जात घराचं किंवा गाडीचं कर्ज मिसळून एकच मोठं कर्ज केलं असेल तर ते सगळंच बाद होतं. म्हणून कर्जं एकत्र करण्याआधी किंवा रिफायनान्स करण्याआधी हा लेख पूर्ण वाचा. कमी व्याजाच्या मोहात फेडरल कर्ज खासगी कंपनीकडे नेलं की सरकारी माफीचा एक मोठा दरवाजा कायमचा बंद होतो, आणि परत फिरता येत नाही.

दुसरी पायरी: तुमचा नागरिकत्वाचा दर्जा

या पायरीला फार वेळ लागत नाही, पण इथेच अनेक जण गळतात. सर्वांत मोठी योजना, नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर, फक्त अमेरिकन नागरिकांना घेते. जन्माने असोत वा नंतर झालेले असोत, दोन्ही चालतात, पण ग्रीन कार्ड पुरत नाही. नर्ससाठीच्या नर्स कोअर योजनेत मात्र ग्रीन कार्डधारक चालतात. एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा जे-वन (प्रशिक्षणाच्या) व्हिसावर असाल तर या दोन्हींचा विचार सोडा. जे-वनवरचे डॉक्टर टंचाईच्या भागात तीन वर्षं काम करून मायदेशी परतण्याची अट माफ करून घेतात, ती कॉनराड ३० नावाची वेगळी योजना आहे. दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा असतात. तिच्यात व्हिसाचा प्रश्न सुटतो, कर्जाचा नाही.

तिसरी पायरी: ‘हिप्सा’ समजून घ्या

हेल्थ प्रोफेशनल शॉर्टेज एरिया, आद्याक्षरांनी एचपीएसए आणि तिथल्या लोकांच्या तोंडी ‘हिप्सा’. सगळा डोलारा या शब्दावर उभा आहे. साधारणपणे ३,५०० लोकांमागे एकच प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर असेल तर तो भाग टंचाईचा मानतात. दंतवैद्यासाठी हा आकडा ५,०००, मानसोपचारतज्ज्ञासाठी ३०,०००. मग गरिबी, जवळच्या दुसऱ्या दवाखान्याचं अंतर वगैरे बघून गुण देतात. प्राथमिक आणि मानसिक आरोग्यासाठी ० ते २५, दातांसाठी ० ते २६. गुण जितके जास्त तितकी टंचाई मोठी आणि तितका तुमचा नंबर आधी.

या गुणांबाबत तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

एक, एकाच दवाखान्याला तीन वेगळे गुण असू शकतात. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ असाल तर तुमचा हिशेब मानसिक आरोग्याच्या गुणांवर होतो. नोकरी देणारा मॅनेजर ‘आमचा हिप्सा २१ आहे’ असं सांगतो, तेव्हा तो आकडा बहुधा प्राथमिक उपचारांचा असतो. कुठला ते विचारा.

दोन, हिप्सा म्हणजे फक्त आडगाव नव्हे. सरकारी मदतीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं, म्हणजे एफक्यूएचसी, आपोआप टंचाईची मानली जातात आणि ती शिकागोत, लॉस एंजलिसमध्येही आहेत. मुलांची शाळा, जोडीदाराची आयटीतली नोकरी आणि जवळपास एखादं मराठी मंडळ हे सगळं सांभाळून सेवा करायची असेल तर शहरातली ही केंद्रं आधी बघा. गुण गावाकडच्या दवाखान्याइतके जास्त असतीलच असं नाही, एवढं मात्र गृहीत धरा.

तीन, हिप्सात असणं आणि योजनेने मान्य केलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यतेसाठी दवाखान्याने मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) आणि मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) घ्यायला हवं, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना उत्पन्नाप्रमाणे सवलतीची फी लावायला हवी. मान्य ठिकाणांची आणि तिथल्या रिकाम्या जागांची यादी हेल्थ वर्कफोर्स कनेक्टर या सरकारी शोधपानावर मिळते. नोकरीची ऑफर हातात यायच्या आधी ते पान उघडा.

चौथी पायरी: योजना निवडा

नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही यातली थोरली. १९७० सालच्या कायद्याने सुरू झाली आणि आरोग्य खात्यातली एचआरएसए ही यंत्रणा ती चालवते. कुटुंबवैद्यक, सामान्य इंटर्नल मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती आणि मानसोपचार या शाखांचे डॉक्टर, तसंच नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट, नर्स-मिडवाइफ, दंतवैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि क्लिनिकल सोशल वर्कर तिच्यात बसतात. हृदयरोगतज्ज्ञ बसत नाही. आपल्या लोकांत फिजिओथेरपिस्ट बरेच आहेत, तेही बसत नाहीत.

मूळ योजना दोन वर्षांची. २०२४ पासून प्राथमिक उपचार देणाऱ्या डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट आणि मिडवाइफ यांच्यासाठी पूर्णवेळेची कमाल रक्कम ७५,००० डॉलर झाली. दंतवैद्य आणि मानसिक आरोग्यवाल्यांसाठी ती ५०,०००. अर्धवेळ काम असेल तर निम्मी. या पैशावर फेडरल प्राप्तिकर नाही, आणि ही सवलत लहान समजू नका. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ४० तास, वर्षात किमान ४५ आठवडे. म्हणजे सुट्टी, आजारपण, कॉन्फरन्स आणि भारतवारी सगळी मिळून सात आठवड्यांत बसवायची. ऑन-कॉलचे तास मोजत नाहीत.

हिच्या दोन धाकट्या बहिणी आहेत. व्यसनमुक्तीच्या उपचारांशी जोडलेली योजना तीन वर्षांना ७५,००० पर्यंत देते. ग्रामीण भागातली तशीच योजना तीन वर्षांना १ लाखापर्यंत देते. या दोन्हींत रजिस्टर्ड नर्स आणि फार्मासिस्टही येतात, जे मूळ योजनेत येत नाहीत.

नर्स कोअर वेगळ्या हिशेबाने चालते. ती ठरावीक रक्कम देत नाही, कर्जाचा हिस्सा देते. दोन वर्षांत नर्सिंगच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाच्या ६० टक्के, आणि तिसरं वर्ष घेतलं तर मूळ बाकीच्या आणखी २५ टक्के. म्हणजे एकूण ८५. आठवड्याला ३२ तास पुरतात. शिक्षण अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त नर्सिंग स्कूलमधलं हवं आणि काम सरकारी किंवा ना-नफा टंचाई संस्थेत. नर्सिंगच्या प्राध्यापकांनाही ती खुली आहे. पगाराच्या तुलनेत कर्ज जितकं मोठं, तितकं प्राधान्य जास्त. यातला खडा म्हणजे ही रक्कम करपात्र आहे आणि कर आधीच कापून घेतात. ६०,००० कर्जावर ३६,००० मंजूर झाले तरी कर्जाला प्रत्यक्ष लागणारे पैसे त्याहून बरेच कमी.

पब्लिक सर्व्हिस लोन फरगिव्हनेस, म्हणजे पीएसएलएफ, ही खरं तर टंचाईची योजना नाही, पण तिच्याशिवाय हा हिशेब पूर्ण होत नाही. २००७ च्या कायद्याने आली. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत आठवड्याला ३० तास काम, उत्पन्नावर आधारित हप्ता, असे १२० हप्ते भरले की उरलेलं फेडरल डायरेक्ट कर्ज माफ होतं आणि त्या माफीवर फेडरल कर लागत नाही. हप्ते सलग असायची गरज नाही. रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं इस्पितळातलं पगारी प्रशिक्षण, तीही मोजतात, कारण बहुतेक शिक्षण-इस्पितळं ना-नफा आहेत. तीन वर्षांच्या फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सीत तुटपुंज्या पगारावर बेतलेले छोटे ३६ हप्ते भरून होतात. त्या काळात हप्ते थांबवून ठेवणं म्हणजे स्वस्तातले ३६ महिने वाया घालवणं. तरीही कितीतरी रेसिडेंट तेच करतात.

पीएसएलएफमध्ये इस्पितळाच्या दारावरची पाटी बघू नका. पगार कोण देतं ते बघा. इस्पितळ ना-नफा असलं तरी तुमचा पगार खासगी डॉक्टर-ग्रुपकडून येत असेल तर डब्ल्यू-टू या वार्षिक पगार-पत्रकावरचा नोंदणी क्रमांक त्या ग्रुपचा असतो, आणि ते वर्ष मोजलं जात नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्साससारख्या राज्यांत कायद्यानेच इस्पितळाला डॉक्टर थेट नेमता येत नाहीत, तिथल्यांना जुलै २०२३ पासून सूट मिळाली आहे. बाकीच्यांनी तो क्रमांक सरकारच्या पीएसएलएफ हेल्प टूलमध्ये टाकून खात्री करावी आणि दरवर्षी मालकाची सही घेऊन ठेवावी. दहा वर्षांनी बंद पडलेल्या दवाखान्याच्या सहीसाठी धावणं कोणाच्या नशिबी येऊ नये.

राज्यांच्या योजना ज्याच्या त्याच्या. काहींना केंद्राचा निधी मिळतो, काहींचा पैसा स्वतःचा. कॅलिफोर्नियातली कॅलहेल्थकेअर्स तंबाखूवरच्या करातून चालते. पाच वर्षं काम आणि किमान ३० टक्के रुग्ण मेडी-कॅलचे, म्हणजे तिथल्या मेडिकेडचे, या अटीवर ती डॉक्टरांचं ३ लाख डॉलरपर्यंत कर्ज फेडते. डॉक्टर्स अक्रॉस न्यू यॉर्क तीन वर्षांना १,२०,००० पर्यंत देते. आपल्या राज्याच्या आरोग्य खात्यातलं ‘प्रायमरी केअर ऑफिस’ शोधा आणि थेट फोन करा. अशा प्रश्नांसाठीच ते असतं.

याशिवाय माजी सैनिकांच्या व्हीए इस्पितळांत पाच वर्षांत २ लाखांपर्यंत मिळतात, पण ती सोय त्या जागेच्या जाहिरातीत लिहिलेली असावी लागते. रुजू झाल्यावर मागायला गेलात तर उपयोग नाही. मूळ अमेरिकन जमातींसाठीच्या इंडियन हेल्थ सर्व्हिसचीही स्वतःची योजना आहे. नाव वाचून आपल्याशी काही संबंध आहे असं वाटतं, पण तो ‘इंडियन’ वेगळा.

पाचवी पायरी: जोडी जमवा

इथे डोकं लावलं तर सर्वांत जास्त वाचतं.

सेवेच्या बदल्यात पैसे देणाऱ्या दोन योजना एकाच वेळी घेता येत नाहीत. राज्याचा करार चालू असेल तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर तुम्हाला घेणार नाही. एवढंच नाही, नोकरीच्या ऑफरमध्ये ‘२०,००० डॉलर जॉइनिंग बोनस, तीन वर्षांच्या आत सोडल्यास परत’ असं कलम असेल, तर तोही सेवेचा बंध धरला जाऊ शकतो. बोनसच्या आनंदात त्या ओळीवरून नजर घसरते. सही करण्याआधी ती बदलून घ्या.

पीएसएलएफ मात्र बंध नाही. कुठल्याही योजनेच्या जोडीने ती चालते. पण दोन्ही एकाच कर्जावर लावणं हा शहाणपणाचा सौदा नव्हे. पीएसएलएफच्या वाटेवर हप्ता उत्पन्नावर ठरतो, बाकीवर नाही. शेवटी माफ होणारच असलेल्या फेडरल कर्जात ७५,००० ओतले, तर तुमचा हप्ता कमी होत नाही, सरकारची माफी तेवढी कमी होते.

समजा एका डॉक्टरवर २,१०,००० फेडरल आणि ७०,००० खासगी कर्ज आहे, आणि ती ना-नफा आरोग्य केंद्रात पूर्णवेळ काम करते. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरचे पैसे एकरकमी तिच्या हातात येतात, आणि अर्जात मान्य झालेल्या कर्जांपैकी कुठल्यात भरायचे ते ती ठरवते. ७०,००० खासगी कर्जात, उरलेले ५,००० फेडरलमध्ये. खासगी कर्ज संपलं. फेडरल हप्ते चालू राहिले, आणि त्याच नोकरीतले महिने पीएसएलएफच्या १२० मध्ये जमा होत गेले. यासाठी दोन्ही प्रकारची कर्जं अर्जात लिहिलेली हवीत. अर्धवेळ काम घेतलं तर ही जोडी बहुधा तुटते, कारण नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरला २० तास चालतात, पीएसएलएफला ३० लागतात.

खासगी कर्जाचा मुद्दा यापुढे जास्तच महत्त्वाचा होणार आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे उच्च शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज बंद केलं. मेडिकलसारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी फेडरल कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाखांची मर्यादा घातली. वरची फी बँकेकडून उचलावी लागेल, आणि बँकेच्या कर्जाला पीएसएलएफ हात लावत नाही. मुलगा किंवा मुलगी आत्ता मेडिकलला जाणार असेल, तर टंचाईच्या योजनांकडे आजपासूनच लक्ष ठेवा.

नवरा-बायको दोघंही कमावते असाल तर टॅक्स रिटर्न एकत्र भरायचं की वेगळं, हेही मांडून बघा. वेगळं भरलं तर हप्ता साधारणपणे फक्त कर्जदाराच्या उत्पन्नावर बसतो. पण काही करसवलती जातात. दोन्ही आकडे सीएकडून, म्हणजे तिथल्या सीपीएकडून, काढून घ्या.

सहावी पायरी: अर्ज

नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर आणि नर्स कोअर यांचे अर्ज वर्षातून एकदाच, काही आठवड्यांसाठी उघडतात. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून संकेतस्थळावर ईमेल नोंदवून ठेवा. नागरिकत्वाचा पुरावा, राज्याचा परवाना, प्रत्येक कर्जाचं ताजं स्टेटमेंट आणि कर्ज मुळात कधी, किती मिळालं त्याची नोंद, एवढं तयार ठेवा. स्टेटमेंटवर नाव, खाते क्रमांक, तारीख, बाकी आणि व्याजदर दिसायला हवेत. मधल्या नावाचा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं, परवान्यावर तिसरं असेल तर ते महिनाभर आधीच निस्तरा.

सर्वांत नाजूक कागद तुमच्या हातात नसतो. दवाखान्यातल्या नेमलेल्या व्यक्तीने तुमच्या नोकरीची पडताळणी ऑनलाइन भरायची असते. तिने मुदतीत भरली नाही तर तुमचा अर्ज अपुरा. ती व्यक्ती कोण, रजेवर कधी जाणार, हे आधी विचारा आणि भरून झाल्याचं डोळ्यांनी बघा.

पैसे मर्यादित असतात आणि पात्र असणाऱ्या सगळ्यांना मिळत नाहीत. निकाल साधारण सप्टेंबर अखेरपर्यंत लागतात. करारावर सरकारची सही झाल्या दिवसापासून सेवा मोजतात, त्याआधी त्याच दवाखान्यात काढलेले महिने जमेत नाहीत. मिळणारच म्हणून आधीच घर घेऊ नका.

सातवी पायरी: सही करण्याआधी दंड मोजा

नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरचा करार अर्धवट सोडला तर न केलेल्या काळाची रक्कम परत, त्यावर न केलेल्या प्रत्येक महिन्याचे ७,५०० डॉलर, आणि व्याज. एकूण किमान ३१,०००. दोन वर्षांचे ७५,००० घेऊन एका वर्षाने सोडलं, तर ३७,५०० अधिक १२ गुणिले ७,५००, म्हणजे १,२७,५०० आणि वर व्याज. घेतले त्याहून जास्त देऊन बाहेर पडावं लागतं. नर्स कोअरमध्ये घेतलेली सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते.

तेव्हा कराराआधी एक दिवस त्या गावी जाऊन या. पार्किंगमध्ये गाड्या किती, मागचा डॉक्टर किती महिन्यांत आणि का गेला, हे दारातल्या रिसेप्शनिस्टला विचारा. मॅनेजरपेक्षा ती खरं सांगते.

करार चालू असताना दर सहा महिन्यांनी सेवेची पडताळणी द्यावी लागते. पैसे एकदम मिळाले तरी मासिक हप्ता थांबत नाही, तो भरत राहा. पैसे कर्जात गेल्याच्या पावत्या जपून ठेवा, कारण उरलेल्या कर्जासाठी करार वाढवून मागताना त्याच दाखवाव्या लागतात. बाळंतपण, मोठं आजारपण अशा कारणांसाठी सेवा काही काळ थांबवता येते, पण आधी अर्ज करून. आणि दवाखाना बंद पडला, मालक बदलला, किंवा तिथे राहणं अशक्य झालं, तर राजीनामा देण्याआधी योजनेच्या कार्यालयाला लेखी कळवा. दुसऱ्या मान्य दवाखान्यात बदली मिळू शकते. ती त्यांनी मंजूर केल्यावरच पहिली जागा सोडा.